शहापुरातल्या काकूंचा कमी मिठाचा डबा: चार महिन्यांचा अनुभव

आईसाठी जूनपासून दुपारचा डबा लावलाय. बेळगावच्या शहापुरातल्या एक काकू घरीच करतात आणि वीसच्या वर डबे घेत नाहीत. "माझा नंबर कुठं टाकू नका, मला झेपत नाही," असं त्यांनी बजावलंय, म्हणून नाव देत नाही. पण किडनीच्या पेशंटला चालेल असं जेवण बेळगावात शोधताना मी महिनाभर वणवण केली. कुणाला तरी उपयोग होईल म्हणून लिहितोय.

पहिल्याच फोनवर काकूंनी विचारलं, "पोटॅशियम किती आलंय? रिपोर्ट पाठवा, बघून सांगतो." त्यांचे यजमान सहा वर्षं डायलिसिसवर होते. सगळं त्या तेव्हा शिकल्या.

तो प्रश्न ऐकून मला धीर आला, कारण त्याआधी आमच्या हातून मोठी चूक झाली होती. एका दुकानदारानं "बीपीला चांगलं" म्हणून लो सोडियम मिठाचं पाकीट दिलं आणि मी विश्वासानं घेतलं. या मिठात सोडियम क्लोराइडचा काही भाग कमी करून पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं. धडधाकट किडनी जादा पोटॅशियम लघवीतून टाकून देते. आईच्या किडनीला ते जमत नाही. मग ते रक्तात साठतं आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात. डॉक्टरांनी पाकीट त्याच दिवशी बंद करायला लावलं. शेजारचे सैंधव सुचवत होते, पण तेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच.

काकू साधंच मीठ वापरतात, पण मोजून. एकदा डबा आणायला मीच गेलो होतो. ओट्यावर सोनाराकडं असतो तसला छोटा काटा होता. त्यावर वाटी ठेवून त्या चिमटीनं मीठ सोडत होत्या. आईच्या डब्याला दीड ग्रॅम, म्हणजे भाजी आणि आमटी मिळून. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला 5 ग्रॅमच्या आत मीठ सांगते, म्हणजे जेमतेम एक चहाचा चमचा. आमच्या घरात लोणचं, पापड, सांडगी मिरची आणि शेंगा चटणी धरून किती जात असेल, याचा हिशेब मी कधी केलाच नव्हता.

आईला वर्षात दोनदा किडनीपर्यंत इन्फेक्शन गेलं होतं. थंडी वाजून ताप, कमरेत कळ, ॲडमिट. मीठ म्हणजे बीपी एवढंच मला ठाऊक होतं. नंतर जर्मनीतल्या बॉन विद्यापीठाचं 2020 मधलं संशोधन वाचलं. मोजक्या निरोगी लोकांना आठवडाभर रोज 6 ग्रॅम जादा मीठ दिलं, तर त्यांच्या रक्तातल्या न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींची जंतू मारायची ताकद घटली. उंदरांमध्ये ई. कोलाय या जंतूचं किडनीचं इन्फेक्शन जादा मिठानं बळावलं. किडनी जादा मीठ बाहेर टाकायला लागली की तिथं युरिया साचतो, शिवाय शरीरात ग्लुकोकॉर्टिकॉइड संप्रेरकं वाढतात, आणि दोन्हींमुळं या पेशी मंदावतात. अभ्यास छोटा आहे हे मान्य, पण माझ्या आईची दोन ॲडमिशनं डोळ्यांसमोर असताना तो मला विसरता येईना.

चवीचं सांगतो. दोन जवारीच्या भाकरी, त्यात मीठ नसतंच. लसणाची फोडणी, जिऱ्याची पूड, ओलं खोबरं आणि वरून लिंबू, त्यामुळं भाजी खाववते. दोडक्याची भाजी आई बोटं चाटून खाते. तुरीची आमटी मात्र अजून फिकी लागते, आणि सोमवारचा पडवळ तसाच परत जातो. पहिले आठ-दहा दिवस आई ताटावर बसून रडायची. "ह्यापरीस उपास बरा," म्हणायची. पंधराएक दिवसांनी जीभ वळली.

तक्रारी दोन. साडेबाराचा डबा पावसाळ्यात सव्वा वाजता यायचा, आणि आईची गोळी जेवणाच्या वेळेला बांधलेली. दुसरी गंभीर. ऑगस्टमध्ये एक दिवस डबे बदलले. दुसऱ्या कुणाचा साधा डबा आला, आणि मला कळेपर्यंत आईनं निम्मी आमटी आणि पापड संपवला होता. मी फोन केला तेव्हा मनात राग होता. काकूंनी सबब सांगितली नाही. दुसऱ्या दिवसापासून आईच्या डब्याच्या कडीला लाल दोरा आहे, आणि पुन्हा गफलत झालेली नाही.

डबा 90 रुपयांना पडतो. गणपतीत पाच दिवस बंद होता, तेव्हा बायकोनं काकूंकडून काटा आणून घरी केलं.

आईचं बीपी 160 वरून 136 वर आलंय. औषधं चालूच आहेत, त्यामुळं सगळं श्रेय डब्याला देत नाही. पण पायाची सूज उतरली आणि बोटात रुतून बसलेली जोडवी आता फिरतात. दिवाळीनंतर रात्रीचाही डबा सांगून ठेवलाय.