सावली रेघांनी भरावी की घासून?

स्केचिंग करता करता वर्षभरात पेन्सिली हाताला बसल्या की हा प्रश्न पडतोच. सावली नुसत्या रेघांनी भरायची, की रेघा मारून बोटाने एकजीव करायची? मी दोन्ही बरीच वर्षं केलंय.

घासलेलं काम लवकर उठावदार दिसतं, हे मान्यच. श्रावणात अजिंक्यताऱ्यावर उतरलेलं धुकं किंवा लहान मुलाचा गाल काढताना रेघ मध्ये मध्ये येते. तिथे ४बी या मऊ, गडद पेन्सिलीचा हलका थर आणि वरून कागदी स्टंप, म्हणजे घासायची गुंडाळलेल्या कागदाची कांडी, हेच बरं.

माझं बिनसलं ते वाईजवळ मेणवलीच्या नदीकाठच्या घाटावर. वसईच्या १७३९च्या मोहिमेनंतर इकडे आलेली मोठी घंटा काढत होतो. एप्रिलचा उकाडा, बोटं घामेजलेली. घंटेच्या सावलीकडच्या कडेला दगडावरून परतलेल्या उजेडाची एक बारीक पट्टी असते. तिच्या शेजारी करंगळी फिरवली आणि तेलकट डाग थेट पट्टीवर गेला. खोडरबर लावला, तर तो आणखी पसरला. पट्टी गेली तसा घंटेचा गोलावाच गेला, थाळीसारखी चपटी दिसायला लागली. स्टंप वापरला तर बोटाचा डाग टळतो, पण ६बी, म्हणजे ४बीहूनही मऊ पेन्सिल, फार घासली की चकाकते आणि सगळ्यात गडद जागाच उजेडात पांढुरकी दिसते.

रेघांमध्ये मधला कागद मोकळा राहतो, काळ्यातही उजेड खेळतो. रेघ गोलाईबरोबर वळवली की आकार तीच सांगते. गडद हवं तिथे वरून तिरकी दुसरी ओळ. चुकल्या तर चार रेघा चुकतात, अख्खा भाग नाही.

भाषेतल्या छटांचंही मला तसंच वाटतं. धुतलेलं धोतर पांढरंशुभ्र, घाबरलेला चेहरा पांढराफटक. केस काळेभोर, अंधार काळाकुट्ट. केसांना काळेकुट्ट म्हटलं की त्यातलं कौतुक गेलं. घासलेली सावली मला नुसत्या 'काळपट'सारखी वाटते. चूक नाही, पण काळा कसला ते कळत नाही. रेघेची दिशा मात्र निवडावीच लागते, 'भोर' की 'कुट्ट' ठरवावं लागतं तशी.

घाई असेल, आभाळ-धुकं जास्त काढत असाल, तर घासा, काही बिघडत नाही. दगड, धातू, वाड्यांची लाकडं काढायची असतील तर महिनाभर रेघाच मारून पाहा, असं मी म्हणेन. ती घंटा मी पुढच्या खेपेला नुसत्या रेघांनी काढली. सकाळ सगळी गेली, पण कडेची पट्टी राहिली.