सदाशिव पेठेतून बाणेरला ऑफिस हलवलं, पॅकर्सची सर्व्हिस खरंच भारी

आमचं सीएचं ऑफिस, म्हणजे फायलीच फायली, त्यामुळे सगळ्यात जास्त काळजी त्यांचीच होती. या लोकांनी फोनवर रेट न सांगता आधी माणूस पाठवला, त्याने कपाटं, सर्व्हर, जिन्याची रुंदी सगळं बघून मग लेखी कोटेशन दिलं, त्यात ट्रान्झिट इन्शुरन्स (म्हणजे वाटेत सामानाचं नुकसान झालं तर त्याचा विमा) वेगळा दाखवला होता. हे मला फार आवडलं.

शनिवारी संध्याकाळी काम सुरू, कारण पेठेत दिवसा टेम्पो उभा करायला जागाच मिळत नाही. प्रत्येक टेबलाला एक नंबर, त्याच नंबरचे स्टिकर खुर्ची, सीपीयू आणि खोक्यांवर, आणि वायरी काढायच्या आधी मागच्या बाजूचा मोबाईलवर फोटो. बाणेरला नकाशाप्रमाणे सगळं जिथल्या तिथे लागलं, सोमवारी सकाळी स्टाफ आला आणि कामाला बसला. पोरं पण एकदम नीट बोलणारी, सुपरवायझर दादा शेवटचं खोकं उघडेपर्यंत थांबले.

रेट थोडा जास्त आहे, पण तो वसूल होतो. इंटरनेटवाल्यांनी मात्र (ते वेगळे, यांचा संबंध नाही) तारीख देऊन लाईन टाकली नाही, म्हणून नव्या जागेचं कनेक्शन सामान हलायच्या आधीच चालू करून घ्या. आणि जीएसटीत पत्ता बदलायचा अर्ज १५ दिवसांत करावा लागतो, बरेच क्लायंट हे विसरतात, तेवढं लक्षात ठेवा.