नागपूर की बेलोरा? मुंबईचे विमान निवडताना

अमरावतीजवळच्या बेलोरा विमानतळावरून १६ एप्रिल २०२५ रोजी अलायन्स एअरची मुंबई सेवा सुरू झाली आणि दर्यापूर, अचलपूर, चांदूर बाजार या पट्ट्यातल्या लोकांना पहिल्यांदाच विमानाच्या बाबतीत निवड करण्याची सोय झाली. तोपर्यंत विमान म्हणजे नागपूर, आणि नागपूर म्हणजे दीडशे-दोनशे किलोमीटरचा रस्ता, एवढेच समीकरण होते. आमच्या भागातून विमानाने जाणारे बहुतेक लोक हौशी पर्यटक नसतात. परळच्या टाटा रुग्णालयात तपासणीला निघालेला रुग्ण, पुण्या-बंगळूरला नोकरी करणाऱ्या मुलाकडे निघालेले आई-वडील, अशीच मंडळी जास्त. त्यांना तिकिटाच्या दरापेक्षा दोन गोष्टींची चिंता अधिक असते: विमान सुखरूप पोचेल ना, आणि म्हाताऱ्या माणसाचे हाल तर होणार नाहीत? नागपूरहून इंडिगो व एअर इंडिया आणि बेलोऱ्याहून अलायन्स एअर या पर्यायांकडे मी याच दोन प्रश्नांच्या अंगाने पाहतो.

सुरक्षेपुरते बोलायचे तर कंपन्यांमध्ये आपण समजतो तेवढा फरक नसतो. भारतात प्रवासी सेवा चालवणाऱ्या प्रत्येक कंपनीला नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा, म्हणजे डीजीसीएचा परवाना लागतो आणि देखभाल, वैमानिकांचे प्रशिक्षण, त्यांच्या ड्युटीचे तास यांचे नियम सर्वांना सारखेच लागू असतात. अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने जानेवारी २०१४ मध्ये भारताचा सुरक्षा दर्जा खाली आणला होता. डीजीसीएने त्रुटी दूर केल्यावर एप्रिल २०१५ मध्ये तो पूर्ववत झाला. तो ठपका कोणा एका कंपनीवर नसून देखरेखीच्या यंत्रणेवर होता, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. कंपनी म्हणून काही पाहायचेच असेल तर आयाटा या आंतरराष्ट्रीय संघटनेची आयोसा ही सुरक्षा तपासणी पाहावी. ती उत्तीर्ण झाल्याशिवाय आयाटाचे सदस्यत्व मिळत नाही, आणि एअर इंडिया व इंडिगो या दोन्ही कंपन्या सदस्य आहेत.

१२ जून २०२५ रोजी अहमदाबादला एअर इंडियाचे बोइंग ७८७ कोसळले आणि विमानातल्या २४२ जणांपैकी २४१ जण दगावले. त्यानंतर आमच्याकडे कित्येकांनी त्या कंपनीचे नावच टाकले. ही भीती समजण्यासारखी आहे, परंतु एका अपघातावरून कंपनीची पारख करणे मला पटत नाही. प्रवाशाने पाहायचे ते विमानात बसलेल्या माणसांची शिस्त. २ जानेवारी २०२४ रोजी टोकियोच्या हानेदा विमानतळावर जपान एअरलाइन्सचे विमान तटरक्षक दलाच्या विमानावर आदळून पेटले. तटरक्षक दलाच्या विमानातील पाच जण दगावले, पण जपान एअरलाइन्सच्या विमानातील सर्व ३७९ जण बाहेर पडू शकले, आणि त्याचे एक मोठे कारण असे की लोकांनी बॅगा जागेवरच सोडल्या. आपल्याकडे चाके टेकताच, पट्ट्याचा दिवा विझण्याआधी, वरचे कप्पे उघडू लागतात. त्या वेळी कर्मचारी प्रवाशांना ठामपणे खाली बसवतात का, यावरून मी कंपनीबद्दल बरेच काही ठरवतो.

बेलोऱ्याच्या विमानाबद्दलचा संशय वेगळाच आहे. अलायन्स एअर तिथे एटीआर ७२ हे पंख्याचे विमान चालवते. आमच्या गावच्या काकाजींनी त्याचा फोटो पाहून सरळ सांगितले, "हे पंख्याचं इमान व्हय ना बाप्पा? मंग मी नाही बसत." वास्तविक त्या पंख्यामागे जेटसारखेच टर्बाइन इंजिन असते, आणि दोनपैकी एक बंद पडले तरी दुसऱ्यावर विमान उडत राहून उतरू शकते, हे सिद्ध केल्याशिवाय या प्रकाराला मान्यताच मिळत नाही. बेलोऱ्याची धावपट्टी १,८५० मीटरची आहे आणि कमी लांबीच्या धावपट्टीवरून चालण्यासाठीच हे विमान बांधलेले आहे. पंखे पाहून घाबरण्याचे कारण नाही.

आरामाच्या बाबतीत मात्र एटीआर आणि एअरबस यांत फरक जाणवतो. एटीआरमध्ये दोन्ही बाजूंना दोन-दोन आसने असल्यामुळे मधले आसन हा प्रकारच नाही, आणि म्हाताऱ्या जोडप्याला कोणा अनोळखी माणसाला ओलांडून उठावे लागत नाही. चढायचे दार मागच्या बाजूला असते. पंख्यांच्या रांगेत आवाज व थरथर जास्त, तर मागे तुलनेने कमी. म्हणून आसन मागचे घ्यावे, म्हणजे चालणेही कमी पडते. इंडिगोच्या एअरबस ए३२० मध्ये तीन-तीन आसने असतात आणि दोन ओळींमधले अंतर साधारण २८ ते ३० इंच. उंच माणसाचे गुडघे पुढच्या पाठीला टेकतात, पण दीड तासाच्या प्रवासासाठी ते चालून जाते.

वऱ्हाडातल्या माणसाने कंपनीच्याही आधी पाहावी ती उड्डाणाची वेळ. मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की तापलेल्या जमिनीवरून हवेचे लोट उठतात आणि दुपारचे विमान चढता-उतरताना चांगलेच हादरते. एटीआर जेटपेक्षा कमी उंचीवरून उडते, त्यामुळे तिथे हे जास्त जाणवते. यात धोका नसतो, पण पित्ताचा त्रास असणाऱ्याचे आणि पहिल्यांदा बसणाऱ्याचे हाल होतात. उन्हाळ्यात सकाळचेच उड्डाण घ्यावे. सकाळच्या उड्डाणाला दिवसभराचा साचलेला उशीरही सहसा भोवत नाही.

कंपन्यांमधला खरा फरक कळतो तो वेळापत्रक कोलमडल्यावर. वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम १ नोव्हेंबर २०२५ पासून पूर्णपणे लागू झाले; आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ तास झाली आणि रात्रीच्या लँडिंगवर मर्यादा आली. इंडिगोची तयारी अपुरी पडली आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात देशभरात तिची हजारो उड्डाणे रद्द झाली. नियम प्रवाशाच्याच जिवासाठी होता. थकलेल्या वैमानिकाच्या विमानात बसण्यापेक्षा विमानतळावर ताटकळणे परवडले. पण ज्या कंपनीची उड्डाणे सर्वांत जास्त, तिच्यावर विसंबून राहण्यातली जोखीमही तेव्हा उघड झाली. अलायन्स एअरची अडचण याच्या उलट आहे. बेलोऱ्याहून आठवड्यातून मोजकेच दिवस विमान असल्यामुळे एक उड्डाण रद्द झाले की दुसरे लगेच मिळत नाही. ज्याला डॉक्टरांनी ठरावीक दिवस दिला आहे, त्याने हे आधी तोलावे.

माझ्या आईला घेऊन नागपूरहून मुंबईला जाताना एका कंपनीचे संध्याकाळचे विमान लांबतच गेले. फलकावरची वेळ दर अर्ध्या तासाने पुढे सरकत होती, काउंटरवरची मुलगी "ऑपरेशनल रीझन" यापलीकडे काही बोलत नव्हती, आणि आईची जेवणानंतरची गोळी जेवणाअभावी पर्समध्येच होती. एवढ्या कमी अंतराच्या उड्डाणाला दोन तास उशीर झाला तर खाण्यापिण्याची सोय कंपनीने करायची, आणि सहा तासांहून जास्त उशीर होणार असेल तर पर्यायी उड्डाण किंवा पूर्ण पैसे परत द्यायचे, असा डीजीसीएचा नियम आहे. तो मोबाइलवर काढून दाखवल्यावर उपम्याचे डबे आले, आणि तेही फक्त मागणाऱ्यांना. शेजारी बसलेले वणीचे कुटुंब संकोचाने उपाशी राहिले असते. त्यांचे डबे मीच मागून घेतले.

व्हीलचेअरची मागणी तिकीट काढतानाच नोंदवावी. ऐनवेळी काउंटरवर मागितली तर बराच वेळ थांबावे लागते. उतरताना कानांत दडे बसतात, त्यासाठी म्हाताऱ्यांना लिमलेटची गोळी आणि तान्ह्या बाळाला दूध द्यावे. मुंबईचे तिकीट काढताना विमानतळाचे नाव नीट वाचावे, कारण २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचाही विमानतळ सुरू झाला आहे आणि परळला जाणाऱ्याला तो बराच लांब पडतो.

एकूण प्रवासात सर्वांत धोक्याचा टप्पा मला आकाशातला वाटत नाही. पहाटेचे विमान गाठायला लोक मध्यरात्री गावाहून गाडी काढतात आणि चालक दिवसभर शेतात राबलेला असतो. १ जुलै २०२३ च्या पहाटे समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ बस पेटून २५ जण दगावले, हे आपण विसरलेलो नाही. म्हणून अमरावती जिल्ह्यातल्या माणसाला, तारीख पुढे-मागे करता येत असेल तर, मी बेलोरा सुचवीन. घरापासूनचा रस्ता कमी होतो हा त्याचा सर्वांत मोठा गुण. तारीख पक्की असेल तर नागपूरहून सकाळचे थेट विमान घ्यावे, आणि त्या मार्गावर त्याच दिवशी आणखी उड्डाणे असलेल्या कंपनीचे घ्यावे. आदल्या संध्याकाळी नागपुरात नातेवाइकांकडे किंवा लॉजवर मुक्कामाला पोचावे. वर्धा, यवतमाळ, चंद्रपूरकरांना तसेही नागपूरच सोयीचे. दोन कंपन्यांच्या दरात पाचशे-सातशे रुपयांचा फरक असेल तर तो मी पाहत नाही. तेवढे पैसे विमान हुकल्यावर एका टॅक्सीत जातात.