रेडफिशसाठी कुठे जाल: लुईझियानाची दलदल की कॅरोलायनाचं उधाण?

धाकट्या मेहुण्याचा फोन आला. "भावोजी, नोव्हेंबरात चार दिवस रजा टाकलीय. फ्लाय रॉडवर रेडफिश धरायचाय. चार्ल्सटन की न्यू ऑर्लिन्स?" मी म्हटलं, आधी रजा ठरली की तिथी? तो हसला, पण मी थट्टा करत नव्हतो. या दोन जागांमधली निवड बरीचशी तिथेच होते.

रेडफिश म्हणजे रेड ड्रम, आपल्या घोळीच्या कुळातला मासा. तांबूस अंग, शेपटीच्या बुडाशी काळा ठिपका. गुडघाभर पाण्यातही तो बिनधास्त चरायला येतो, म्हणूनच फ्लायवाले, म्हणजे गळावर बांधलेल्या पिसा-दोऱ्याच्या खोट्या आमिषाने (फ्लायने) मासा धरणारे, त्याच्यासाठी वेडे होतात. मासा आधी दिसतो, मग आपण फेकतो.

साउथ कॅरोलायनाच्या किनारपट्टीला, म्हणजे चार्ल्सटन-ब्यूफर्टच्या बाजूला, लोकंट्री म्हणतात. इथे भरती-ओहोटीत ५ ते ७ फुटांचा फरक पडतो. रोजची भरती खाड्यांमध्येच राहते. उधाणाला मात्र पाणी काठ ओलांडून स्पार्टिना गवताच्या उंचवट्यांवर चढतं. चार्ल्सटनच्या भरतीच्या तक्त्यात ६ फुटांच्या आसपास किंवा वरचा आकडा दिसला की बूट चढवून निघायचं. मुंबईत पौर्णिमा-अमावास्येला भरती दुपारी बाराच्या सुमारास असते. इथे उन्हाळ्यात ती संध्याकाळी आठ-साडेआठला लागते, म्हणजे ऑफिस उरकूनही जाता येतं. भिंतीवरचं मराठी कॅलेंडर इथे खरंच कामाला येतं.

त्या गवतात एक नांगी मोठी असलेले छोटे खेकडे असतात, आपल्या खाजणात दिसतात तसलेच. त्यांच्यामागे रेडफिश येतो. तोंड चिखलात खुपसलं की शेपूट पाण्याबाहेर निघते, तांब्याच्या रंगाची, कडेला निळसर झाक असलेली, आणि थरथरते. पोटरीभर पाण्यात, पायाखाली घट्ट वाळू, आजूबाजूला कोणी नाही आणि तीस फुटांवर ती शेपूट. फ्लाय अशी हवी की गळाच्या टोकापुढे नायलॉनची आड असेल, नाहीतर दर फेकीला गवतच लागेल. डोकं खाली असल्यामुळे माशाला फारसं दिसत नाही, तेव्हा फ्लाय त्याच्या तोंडाजवळ, फूटभर अंतरात पडली पाहिजे. हे सोपं नाही. पाच वेळा फेकून पाचही वेळा चुकल्यावर तो शांतपणे निघून जातो आणि आपण गवताशी बोलत उभे.

हा सगळा खेळ दीड-दोन तासांचा. पश्चिमेचा वारा सुटला तर तेवढाही नाही. एकदा तक्ता चोख होता, पाणी आलंच नाही. मी कोरड्या गवतात बसून डासांना रक्तदान करून परतलो. खाडीच्या कडेला कालवांचे धारदार ढीग असतात, तेव्हा जाड तळव्याचे बूट हवेतच. ओहोटी लागली की लगेच निघायचं. खाडीतला चिखल मांडीपर्यंत ओढतो. हंगाम साधारण वसंताच्या शेवटापासून थंडी पडेपर्यंत. नोव्हेंबरात शेपट्या बघायला मिळतीलच असं नाही.

लुईझियानाचं गणित उलटं. न्यू ऑर्लिन्सच्या खाली, हॉपडेल, डेलाक्रुआ, व्हेनिस या बाजूला भरती फूट-दीड फुटाची आणि बहुतेक वेळा दिवसातून एकदाच. तिथी बघायची गरज नाही, वारा बघायचा. उत्तरेचा गार वारा दोन दिवस वाहिला की दलदलीतलं पाणीच बाहेर ढकललं जातं. त्यात ढग आले तर गढूळ पाण्यात मासा दिसत नाही. म्हणून चार दिवसांपैकी एक मोकळा ठेवा.

पायी उतरायचं नाव नाही, तळ लोण्यासारखा मऊ आहे. उथळ तळाची होडी आणि गाइड लागतोच, म्हणजे दिवसाला काही शे डॉलर आणि वर टिप. तो मागच्या मचाणावर उभा राहून लांब काठीने होडी ढकलतो आणि ओरडतो, "अकरा वाजता, तीस फूट!" होडीच्या पुढच्या टोकाची दिशा म्हणजे बारा. लांब फेक लागत नाही, पण दोन-तीन सेकंदांत फ्लाय पडली पाहिजे. बदल्यात मासे उदंड. ऑक्टोबरपासून हिवाळाभर मोठे बुल रेड आत येतात, २० पौंडांच्या वरचेही. आठ नंबरचा रॉड दोन्हीकडे चालतो. यांच्यासाठी मात्र नऊ घ्या.

नदीतल्या ट्राउट माशावर शिकलेल्यांना एक सूचना: मासा लागला की रॉड उचलू नका. दोरी डाव्या हाताने सरळ मागे ओढा. मेहुण्याचा पहिला मासा यातच जाणार, मला खात्री आहे.

१९८०च्या दशकात काळ्या मसाल्यात भाजलेल्या रेडफिशचं खूळ अमेरिकाभर पसरलं आणि मासा संपायला आला. तेव्हापासून नियम कडक होत गेले. जून २०२४पासून लुईझियानात २७ इंचांवरचा एकही मासा ठेवता येत नाही. बुल रेडचा फोटो घ्या, सोडून द्या. एक गोष्ट मात्र खटकते. १९३०च्या दशकापासून या किनाऱ्याची सुमारे २००० चौरस मैल जमीन पाण्यात गेली आहे. नकाशात बेट दिसतं आणि होडी त्यावरून आरामात जाते.

(टेक्सासमधला लागुना माद्रे हा तिसरा पर्याय: नितळ, अतिखारट पाणी, पायी फिरता येतं. पण तो वेगळाच दौरा.)

पहिला मासा हवा असेल, रजेच्या तारखा हलत नसतील आणि खिसा परवानगी देत असेल, तर लुईझियाना. जवळपास राहत असाल, तारखा तुमच्या हातात असतील आणि रिकाम्या हाती परतायची तयारी असेल, तर लोकंट्री. मी स्वतः अटलांटाहून पाच तास गाडी हाकत लोकंट्रीलाच जातो, वर्षातून तीनदा तरी.

मेहुण्याने हॉपडेलचा गाइड तीन दिवसांसाठी ठरवला, चौथा वाऱ्याचा. आणि फोन ठेवता ठेवता विचारलं, "भावोजी, जूनची पौर्णिमा कधी आहे हो?"