नागपुरात सायकल कुठून घ्यावी: चौकातलं दुकान, ब्रँडचं शोरूम की ऑनलाइन?

सायकल घ्यायला निघालेला माणूस दोनच गोष्टी विचारतो: कोणती घेऊ आणि कितीला पडेल. बिघडल्यावर कोणाकडे न्यायची, हा प्रश्न पहिल्या पावसाळ्यात चेन गंजून करकरायला लागली की सुचतो. माझं म्हणणं असं की क्रम उलटा ठेवा. आधी दुरुस्तीचा माणूस ठरवा, मग दुकान आणि सगळ्यात शेवटी सायकल. कारण खरेदी एकदाच होते, दुकानाशी गाठ मात्र पुढची पाच-सात वर्षं पडत राहते.

आपल्याकडे सरळ तीन वाटा आहेत. महाल, इतवारी, सदरकडची जुनी दुकानं किंवा आपल्याच वस्तीच्या चौकातला सायकलवाला, ही पहिली. दुसरी काचेची शोरूम, म्हणजे एकाच ब्रँडचे किंवा अनेक ब्रँड ठेवणारे डीलर; डेकॅथलॉनसारखी साखळी दुकानंही मी यातच धरतो. तिसरी वाट म्हणजे मोबाइलवर ऑर्डर, खोक्यात सायकल.

माप कोण नीट घेतं?

जुन्या दुकानात पहिला प्रश्न येतो, "पोरगा कितवीत आहे?" पाचवीत म्हटलं की काका वरच्या रांगेतली एक सायकल खाली उतरवतात आणि सांगतात, "हे घ्या, दोन-तीन वर्षं पाहा लागत नाही." शाळेचा गणवेश जसा वाढत्या अंगाचा शिवतात, तसाच हा हिशोब. पोराचे पाय टेकत नाहीत, ब्रेक हाताच्या कवेत येत नाही, आणि सायकल सहा महिने जिन्याखाली पडून राहते. मोठ्या माणसांना तर माप असतं हेच या दुकानांत कोणी सांगत नाही. चाकाचा आकार सांगतात, 26 की 29, आणि तेच माप समजलं जातं. चाक आणि फ्रेम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एकाच 29 इंची चाकावर छोटी-मोठी फ्रेम येते.

शोरूम इथं पुढे आहे. चांगला विक्रेता तुम्हाला आडव्या नळीच्या दोन्ही बाजूंना पाय टेकवून उभं करतो आणि मध्ये इंच-दोन इंच मोकळी जागा आहे का ते बघतो. मग सीटवर बसवून टाच पॅडलवर ठेवायला लावतो. पॅडल अगदी खाली असताना गुडघा सरळ व्हायला हवा. हे पाच मिनिटांचं काम जिथं कोणी करत नाही, ते दुकान कितीही चकचकीत असो, पुढे काय होणार ते कळून जातं. आणखी एक लक्षण: तुमच्या मापाची सायकल स्टॉकमध्ये नसली की काही ठिकाणी "सीट खाली करून देतो ना सर" असं सुरू होतं. सीट खाली केल्यानं मोठी फ्रेम लहान होत नाही.

ऑनलाइनवाल्यांकडे फक्त उंचीचा तक्ता. तो वाईट नसतो, पण पाय लांब आणि धड आखूड किंवा त्याउलट असेल तर फसायला होतं.

किमतीबद्दल थोडक्यात. सायकलवरचा जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून 12 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला आहे. तेव्हा जुन्या छापील किमतीतून "खास तुमच्यासाठी" सूट दिली तर त्यातला किती भाग सरकारनं दिला आणि किती दुकानानं, ते बिलावर बघा. शोरूममध्ये स्टँड, मडगार्ड, घंटी, कुलूप यांचे पैसे वेगळे लागतात. चौकातल्या दुकानात हे बरंचसं घासाघिशीत मिळून जातं.

जोडणी: इथंच सगळं ठरतं

ऑनलाइन सायकल पुष्कळशी जोडलेली येते. घरी पुढचं चाक, हँडल, सीट आणि पॅडल बसवायचे असतात. सोबत नट आवळायचे दोन पाने आणि माहितीचा एक कागद. वाचायला सोपं वाटतं, म्हणूनच घोळ होतो.

आमच्या शेजारच्या घरी अशीच एक सायकल आली. बापलेकांनी हौसेनं जोडली आणि चार दिवसांनी डावं पॅडल हातात आलं. चौकातल्या मिस्त्रीनं क्रँकमध्ये, म्हणजे पॅडल ज्या दांड्यात बसतं त्यात, बोट फिरवलं आणि म्हणाला, "हे जबरदस्तीनं कसलं काय भाऊ? डावं पॅडल उलटं फिरते ना. कंपनीनं सांगतलं नाही काय?" कंपनीनं सांगितलं होतं, पॅडलवर इंग्रजी आर आणि एल कोरलेलं असतं. पण क्रँकमधले आटे गेले ते गेलेच. दोनशे रुपयांची जोडणी वाचवायला गेले आणि नवीन क्रँक घ्यावा लागला.

याहून धोक्याची चूक म्हणजे पुढचं चाक धरणारा चिमटा उलटा बसवणं. रस्त्यावर नीट पाहिलं तर अशी एखादी सायकल दिसतेच. पुढच्या चिमट्याची टोकं किंचित पुढे वळलेली असतात आणि साधा, रिमवरचा ब्रेक त्याच्या समोरच्या बाजूला येतो. चिमटा मागे फिरला की पुढचं चाक पॅडलच्या जवळ येतं, वळताना बुटाचं टोक टायरला घासतं आणि हँडल थरथरतं. लहान पोराला काय बिघडलंय ते सांगता येत नाही. तो एवढंच म्हणतो, मला ही सायकल नको.

चौकातला मिस्त्री या चुका करत नाही. हजारो सायकली हाताखालून गेलेल्या असतात. शोरूममध्येही सहसा होत नाहीत, पण तिथं दुसरीच गोष्ट होते. शनिवार-रविवारच्या गर्दीत "दोन तासांत घेऊन जा" म्हणतात आणि कोणीतरी नवखा पोरगा घाईनं चाकं बसवून देतो. नवीन सायकल ताब्यात घेताना पुढचं चाक उचलून फिरवा. ब्रेक पॅडला घासतं का, डावीकडे-उजवीकडे डोलतं का, एवढं बघितलं तरी पुष्कळ.

पंक्चर, रिम, छर्रे: चौकातल्या दुकानाला तोड नाही

नागपूरचे रस्ते आता बरेचसे सिमेंटचे आहेत. सायकलवाल्याला त्याचा फायदा तेवढाच तोटा. सिमेंट रस्त्याची कड आणि बाजूचे गट्टू यांच्यात जी पायरी राहते, तिच्यावर कमी हवेचं चाक आपटलं की ट्यूबला शेजारी-शेजारी दोन चिरा पडतात. गोरेवाड्याच्या बाजूला किंवा शहराबाहेर फिरायला गेलात तर बाभळीचे काटे. मे महिन्यात पारा 45 च्या वर गेला की उन्हात उभ्या सायकलचं जुनं ठिगळ सुटतं किंवा ठासून हवा भरलेली ट्यूब फुटते.

तिन्ही पंक्चर वेगवेगळे, आणि जाणता मिस्त्री ट्यूब पाण्यात बुडवायच्या आधीच विचारतो, "कुठं गेली होती सायकल?" दोन चिरा दिसल्या तर सांगतो की हवा कमी ठेवता तुम्ही. काटा असेल तर टायरच्या आतून बोट फिरवून तो काढल्याशिवाय ट्यूब परत घालत नाही. हे न करता ठिगळ लावून पाठवणाऱ्याकडे तुम्ही दुसऱ्या दिवशी पुन्हा उभे असता. कसा माणूस आहे हे ओळखायला पंक्चरसारखी स्वस्त परीक्षा नाही.

रिमचा आउट काढणं, म्हणजे डोलणारं चाक सरळ करणं, हेही असंच हाताचं काम. चाक फिरवत ठेवून, अंगठ्याचं नख रिमजवळ टेकवून, कुठं घासतं ते ऐकत एकेक स्पोक पाव फेरा आवळायचा. शोरूममध्ये यासाठी स्टँड असतो, तरीही हात कोणाचा हे महत्त्वाचं. एक्सलचे छर्रे बदलणं, ग्रीस भरणं, साध्या सायकलचं ओव्हरहॉलिंग, हे सगळं चौकात निम्म्या पैशांत आणि त्याच संध्याकाळी होतं.

सुट्या भागांचंही तसंच. अ‍ॅटलासचा साहिबाबादचा कारखाना 3 जून 2020 ला, नेमका जागतिक सायकल दिनी, बंद पडला. तरी घरी आजोबांची अ‍ॅटलास असेल तर तिचं 28 इंची टायर, ट्यूब, ब्रेकचे रबर आजही मिळतात, कारण जुन्या काळ्या सायकलींचं माप एकच. याउलट महागड्या सायकलचा एक इंचभर तुकडा मिळाला नाही म्हणून ती महिनाभर भिंतीला टेकून राहू शकते.

गिअर आणि डिस्क ब्रेक: इथं चौकात जपून

तो इंचभर तुकडा म्हणजे हँगर. मागचा गिअर फ्रेमला ज्याच्यावर लटकतो तो अ‍ॅल्युमिनिअमचा भाग. सायकल उजव्या अंगावर पडली की तो वाकतो, आणि फ्रेम वाचावी म्हणून तो वाकण्यासाठीच केलेला असतो. बहुतेक मॉडेलचे हँगर वेगवेगळे. चौकातला मिस्त्री गिअर घसरतो म्हटलं की केबल आवळतो, स्क्रू फिरवतो. हँगर वाकडा असेल तर त्यानं चार दिवस बरं वाटतं आणि मग गिअर स्पोकमध्ये जातो. चांगला डीलर हँगर आधी तपासतो. सायकल घेतानाच एक जास्तीचा हँगर मागून ठेवा.

हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारे डिस्क ब्रेक असतील तर चौकात नेऊच नका असं मी स्पष्ट म्हणतो. शिमानोच्या ब्रेकना मिनरल ऑइल लागतं, इतर काहींना मोटारसायकलसारखं डॉट फ्लुइड. चुकीचं तेल भरलं की आतले रबर फुगतात आणि ब्रेकचा संचच बदलावा लागतो. तारेवरचे डिस्क ब्रेक मात्र कोणीही शिकलेला हात लावू शकतो.

पण शोरूम आहे म्हणून मिस्त्री चांगला असेल असं गृहीत धरू नका. विकणारा वेगळा, पाना धरणारा वेगळा. मी एका शोरूममध्ये सायकल "फुल सर्व्हिस"ला टाकली होती. परत आली तेव्हा धुऊन-पुसून नवी दिसत होती, चेनला तेल होतं, आणि पॅडलखालचा कटकट आवाज होता तसाच होता. बिलावर नुसतं "जनरल सर्व्हिस". आता मी कामाची यादी आधी लिहून घेतो आणि बदललेले जुने भाग परत मागतो. शोरूम जी मोफत सर्व्हिस देतात तिच्यात बहुधा मजुरी माफ असते, भाग नाहीत. तरी पहिली मोफत सर्व्हिस चुकवू नका. नवीन केबल सैल पडतात, स्पोक बसतात, आणि हे नीट करायची वेळ तीच.

तक्रार करायची वेळ आली तर

चौकातल्या दुकानात पक्कं बिल मागितलं की काका थोडे नाराज होतात. तरी घ्याच. बिल नाकारणं ही 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार अनुचित प्रथा आहे. सदोष माल बिलावरच्या मुदतीत, आणि मुदत लिहिलीच नसेल तर 30 दिवसांत, परत घ्यायला नकार देणंही त्यातच येतं. "एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही" हा शिक्का सदोष सायकलला लागू पडत नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार नोंदवता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारासाठी जिल्हा ग्राहक आयोगात शुल्क नाही.

व्यवहारात मात्र चित्र वेगळं दिसतं. चौकातला माणूस कायद्यापेक्षा रोज तोंड दाखवायचं आहे म्हणून काम करून देतो. शोरूम कंपनीकडे बोट दाखवतं, फोटो काढून पाठवतं, मग उत्तराची वाट. ऑनलाइनवाले पैसे पटकन परत देतात, पण सायकल पुन्हा खोक्यात भरून द्यायची म्हटलं की घाम फुटतो. खोकं तोवर रद्दीत गेलेलं असतं. खोकं महिनाभर ठेवा.

कोणी काय करावं

पोरासाठी किंवा दूध-भाजी, शिकवणीसाठी साधी सायकल हवी असेल तर चौकातलं दुकान, डोळे मिटून. फक्त माप स्वतः बघा. आणि जूनच्या शेवटी जाऊ नका. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे उशिरा उघडतात, आणि त्या पंधरवड्यात प्रत्येक सायकलवाल्याकडे पाय ठेवायला जागा नसते. एप्रिल-मे महिन्यात निवांत बोलतात, भावही सुटतो.

सकाळी सेमिनरी हिल्सचा चढ किंवा रविवारी रामटेकपर्यंतचे पन्नास-एक किलोमीटर करायचे असतील, गिअरची सायकल हवी असेल, तर शोरूम. कोणतं, हे गूगलच्या तारकांवरून ठरवू नका. रविवारी पहाटे अंबाझरी-फुटाळ्याकडे फिरणाऱ्यांना थांबवून विचारा, तुमचा मिस्त्री कोण? शहरात जाणते सायकलस्वार कमी नाहीत. 2017 मध्ये रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका, म्हणजे तो अख्खा देश आरपार सायकलनं पार करायची शर्यत, एकट्यानं पूर्ण करणारे डॉ. अमित समर्थ नागपूरचेच. अशा विचारपूसीतून दुकानाचं नाव कमी आणि माणसाचं नाव जास्त ऐकू येतं. तो माणूस दुकान बदलून गेला असेल तर तुम्हीही तिकडे जा.

ऑनलाइन घ्यायची ती आपलं माप ठाऊक असलेल्यानं, आणि जोडून देणारा आधी ठरवूनच. काही शोरूम बाहेरून घेतलेली सायकल सर्व्हिसला घेत नाहीत किंवा जास्त पैसे लावतात, तेव्हा ऑर्डर करण्याआधी एक फोन करा. ई-सायकलचं तर याहून कडक: बॅटरी आणि मोटरला कंपनीशिवाय कोणी हात लावत नाही. त्या कंपनीचं सर्व्हिस सेंटर नागपुरात नसेल तर विषय तिथंच संपला.