ग्लाइड: ड्रॉएबलमधल्या मोठ्या चित्रांसाठी भरवशाची, बिटमॅप हाती घेताना मात्र जपून

अँड्रॉइड अ‍ॅपच्या 'ड्रॉएबल' या चित्रांच्या फोल्डरमध्ये ठेवलेलं चित्र बिटमॅप म्हणून, म्हणजे मेमरीत पिक्सेल-पिक्सेल मांडून, उघडायला अँड्रॉइडच्याच बिटमॅपफॅक्टरी क्लासची एक ओळ पुरते. ती ओळ किती मेमरी खाते हे मोजलं की ग्लाइड ही चित्रं उघडून दाखवणारी लायब्ररी का वापरायची ते कळतं.

1080 बाय 1920 चं पार्श्वचित्र घ्या. फाइल 200 केबीची असली तरी उघडल्यावर पिक्सेलमागे 4 बाइट, म्हणजे 8.3 एमबी. तेच चित्र नुसत्या 'ड्रॉएबल' फोल्डरमध्ये असेल तर अँड्रॉइड ते एमडीपीआयचं, म्हणजे मूळ पिक्सेल-घनतेच्या स्क्रीनचं, समजतो आणि तिप्पट घनतेच्या एक्सएक्सएचडीपीआय फोनवर लांबी-रुंदी तिप्पट करतो. झाले 74.6 एमबी! त्याच्या वरच्या, चौपट घनतेला 132.7 एमबी, आणि तिथे चित्र काढतानाच 'टू लार्ज बिटमॅप' म्हणून अ‍ॅप बंद पडू शकतं. चित्र 'ड्रॉएबल-नोडीपीआय' या घनता न पाहणाऱ्या फोल्डरमध्ये हलवलं की हे ताणणं थांबतं. लायब्ररी वापरा वा न वापरा, एवढं कराच.

ग्लाइडचं खरं काम पुढचं आहे. ती आधी इमेजव्ह्यू (स्क्रीनवर चित्र दाखवणारा चौकोन) मोजते आणि त्या मापाचंच चित्र तयार करते. 1080 बाय 600 च्या हेडरला सेंटरक्रॉप (मधला भाग ठेवून कडा कापणं) लावून 2.6 एमबीत भागतं. हाताने करायचं तर बिटमॅपफॅक्टरीच्या इनजस्टडीकोडबाउंड्स पर्यायाने चित्र न उघडता माप काढा, मग इनसॅम्पलसाइझ, म्हणजे चित्र कितीपट लहान करायचं तो आकडा, ठरवा. तोही 2 च्या घातांकातच चालतो, 3 दिलेत तर 2 धरला जातो. शिवाय ग्लाइडमध्ये जुने बिटमॅप पूलमधून, म्हणजे राखून ठेवलेल्या साठ्यातून, परत वापरले जात असल्यामुळे लांब यादी सरकवताना अडखळत नाही.

दोन ठिकाणी लोक हमखास फसतात. व्ह्यूला रॅप-कंटेंट (आतल्या चित्राएवढं माप) दिलं तर ग्लाइड स्क्रीनएवढं चित्र मागते आणि सगळी बचत जाते; व्ह्यूला ठरावीक माप द्या किंवा ग्लाइडच्या ओव्हरराइडमधून माप सांगा. दुसरी चूक जास्त महाग पडते: कस्टमटार्गेटमधून (ग्लाइडकडून चित्र थेट आपल्या कोडमध्ये घ्यायची सोय) मिळालेला बिटमॅप स्वतःच्या व्हेरिएबलमध्ये धरून ठेवणं. चित्राचं काम संपल्याचं कळवणारा ऑनलोडक्लीअर्ड कॉलबॅक आल्यावर तो पूलमध्ये परत जातो, आणि मग एक तर भलतंच चित्र दिसतं किंवा 'रिसायकल्ड बिटमॅप'चा क्रॅश येतो. त्या कॉलबॅकमध्ये व्ह्यूवरून चित्र काढा, संदर्भ सोडा. बिटमॅप कायमचा हवाच असेल तर त्याची प्रत करून ठेवा.

व्हेक्टर एक्सएमएलला, म्हणजे पिक्सेलऐवजी रेषा-आकारांनी लिहिलेल्या चित्राला, बिटमॅपफॅक्टरी सरळ नल (काहीच नाही) देते. तिथे अँड्रॉइडची गेटड्रॉएबल आणि टूबिटमॅप ही फंक्शनं पुरे. चार-दोन छोट्या आयकॉनसाठी तर ही लायब्ररी जोडूच नका. नवं अ‍ॅप पूर्ण कंपोजमध्ये (स्क्रीन कोटलिनमध्ये लिहायची अँड्रॉइडची नवी पद्धत) असेल तर आमची पसंती कॉइल या दुसऱ्या चित्र-लायब्ररीला. जुन्या पद्धतीच्या व्ह्यू आणि रिसायकलरव्ह्यू (लांब यादी दाखवणारा व्ह्यू) यांवर चालणाऱ्या अ‍ॅपला ग्लाइडच.