आकाशनिरीक्षणाची नोंद: वही, स्प्रेडशीट की मोबाइल अ‍ॅप?

बेळगाव, खानापूर किंवा निपाणी परिसरात नियमित आकाश पाहू लागलेल्या माणसापुढे लवकरच प्रश्न उभा राहतो, की पाहिलेले नोंदवायचे कशात. वही, संगणकावरील स्प्रेडशीट आणि मोबाइलवरील अ‍ॅप यांपैकी काय सोयीचे, हे आपण काय पाहतो यावर बरेचसे ठरते. मात्र दुर्बिणीपाशी बसून करायची मूळ नोंद कागदावरच व्हावी, असे माझे ठाम मत आहे.

याचे पहिले कारण डोळ्यांचे आहे. डोळे अंधाराला पुरते सरावायला वीस ते तीस मिनिटे लागतात आणि मोबाइलचा पडदा एकदा उजळला की तो सराव मोडतो. अ‍ॅपमध्ये लाल प्रकाशाची सोय असते, परंतु एखादा फोन आला किंवा दुसरे अ‍ॅप उघडावे लागले की पांढरा उजेड डोळ्यांत शिरतोच. जांबोटी-कणकुंबीकडचा गडद अंधार गाठण्यासाठी एवढे अंतर जाणाऱ्याने तो असा घालवू नये. लाल कागद लावलेली विजेरी आणि पेन्सिल पुरेशी आहे. दवाने कागद ओलसर झाला तर शाई पसरते, पेन्सिल मात्र बहुधा उमटत राहते.

दुसरे कारण मला अधिक महत्त्वाचे वाटते. बेळगावच्या सुमारे १५.८५ उत्तर अक्षांशावरून नरतुरंग तारकासमूहातील ओमेगा सेंटॉरी हा तारकागुच्छ मे महिन्याच्या मध्यावर रात्री साडेदहाच्या सुमारास दक्षिणेला जवळजवळ २७ अंश उंचीवर येतो. त्याची वहीतली नोंद साधारण अशी असावी: ‘१६ मे, रात्री १०.२५, राजहंसगडाचा पायथा, १० बाय ५०ची द्विनेत्री. गोल, धूसर ठिपका, कडा विरळ होत गेलेल्या. तिरक्या नजरेने पाहिल्यास मोठा वाटतो. सुटे तारे दिसत नाहीत. दक्षिणेला वळवाचे विरळ ढग, शहराचा उजेड उत्तरेला.’ शेजारी एक लहान वर्तुळ काढून त्यात ठिपका आणि जवळचे तारे दाखवावेत. चित्र काढायला बसले की नजर तिथेच थांबते आणि पहिल्या पाहण्यात निसटलेले तपशील दिसू लागतात. अ‍ॅपमध्ये रकाने आधीच आखलेले असल्याने ‘पाहिले’ एवढी खूण करून पुढे जाण्याचा मोह होतो. शिवाय त्या वस्तूचे सुंदर छायाचित्र समोरच असते आणि नोंद आपल्या डोळ्यांची राहिली की त्या चित्राची, हे सांगणे कठीण होते.

अ‍ॅपचा खरा उपयोग अचूक वेळ लागते तेव्हा होतो. चंद्राआड तारा जाण्याची किंवा गुरूचा उपग्रह ग्रहणात शिरण्याची वेळ टिपायची असेल तर घड्याळ आणि ठिकाण आपोआप नोंदवणारा मोबाइल वहीपेक्षा सरस आहे. बोलून ध्वनिमुद्रण करणेही चांगले, आणि सोबती असेल तर त्याहून चांगले: अठराव्या शतकातील खगोलनिरीक्षक विल्यम हर्शेल दुर्बिणीतून पाहत सांगत आणि त्यांची बहीण कॅरोलिन ते लिहून घेत, त्यामुळे हर्शेल यांना नजर आकाशावरून हलवावी लागत नसे.

रूपविकारी तारे, म्हणजे ज्यांचे तेज कमी-जास्त होते असे तारे, पाहणाऱ्याने मात्र स्प्रेडशीट टाळू नये. ययाती तारकासमूहातील अल्गोल सुमारे २.८७ दिवसांच्या आवर्तनात २.१ वरून ३.४ प्रतीपर्यंत मंदावतो (प्रत हे तेजाचे माप; आकडा मोठा तितका तारा मंद), तर तिमिंगल तारकासमूहातील मायराचे आवर्तन साधारण ३३२ दिवसांचे आहे. अशा ताऱ्यांची एकेक नोंद फारसे काही सांगत नाही. अनेक नोंदी क्रमाने लावून आलेख काढला तरच बदल दिसतो आणि हे वहीत फार कष्टाचे आहे. १९११ साली स्थापन झालेली अमेरिकेतील रूपविकारी तारे निरीक्षकांची संघटना, एएव्हीएसओ (AAVSO), जगभरातील हौशी निरीक्षकांची निरीक्षणे स्वीकारते, पण ती जागतिक वेळेत द्यावी लागतात. आपल्याकडे १९ जानेवारीला पहाटे दोन वाजता केलेले निरीक्षण त्या वेळेनुसार १८ जानेवारीच्या रात्री साडेआठचे ठरते. साडेपाच तास वजा करताना तारीख बदलायची राहून जाते. स्प्रेडशीटमधील सूत्र ते काम बिनचूक करते.

खर्चाचा फरक किरकोळ आहे. टिकण्याचा प्रश्न मोठा आहे, कारण मोबाइल बिघडला तर नोंदी जातात आणि खानापूरच्या पश्चिमेकडच्या पावसाळ्यात कागदाला बुरशी धरते. म्हणून वही जाड कव्हरची आणि शिवलेली घ्यावी आणि पानांची छायाचित्रे काढून ठेवावीत. जून ते सप्टेंबर आकाश क्वचितच मोकळे असते, तेव्हा वर्षाच्या नोंदी स्प्रेडशीटमध्ये उतरवाव्यात. त्यात तारीख, वेळ, ठिकाण, साधन, वस्तू आणि आकाशाची स्थिती एवढे रकाने पुरतात. ऊस गाळपाच्या दिवसांत चिकोडी-निपाणीकडे पाचट पेटवल्याने क्षितिजालगत धूर असेल तर तो आकाशाच्या स्थितीत लिहावा, नाहीतर पुढे तारा मंद होता की हवा खराब होती हे कळणार नाही. शेवटचा रकाना वहीच्या पान क्रमांकाचा ठेवावा, म्हणजे मूळ चित्र लगेच काढून पाहता येते.